उद्देशिकेच्या दगडावरची शेवटची ओळ

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, भारताचं संविधान एकदा नागभीडमध्ये माझ्या दुकानात वीतभर जागेसाठी अडलं होतं. साक्षीदार मी. ग्रॅनाइटवर अक्षरं कोरणं हा माझा धंदा.

ग्रामपंचायतीपुढे उद्देशिकेचा, म्हणजे संविधानाच्या सुरुवातीच्या मजकुराचा, दगड बसवायचा होता. सरपंचबाई आणि त्यांचे मिस्टर आले. बाई निवडून आलेल्या. मिस्टर आपोआप आलेले. गावातली कमान, बसथांबा, शाळेतले पंखे, सगळ्यांवर मिस्टरांचं नाव. पंखा फिरला की नाव दिसत नाही, म्हणून मास्तरांना तो बंद ठेवावा लागतो, असं गाव म्हणतं.

आमच्या कामात दगडावर रबराची शीट चिकटवतात. तिच्यातून अक्षरं कापून काढायची. हे स्टेन्सिल. मग कॉम्प्रेसरने वाळूचा मारा. वाळू लागली की विषय संपला. दगडाला खोडरबर नाही.

स्टेन्सिल तयार होतं. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. मिस्टरांनी वरून खालपर्यंत पाहिलं.

"माहं नाव कुठी हाय?"

"जागाच नाई ना भाऊ."

"मंग थे खालची ओळ काढून टाका. तारीख बी जुनीच हाय. तिथी माहं नाव लिवा, खाली 'गावाले अर्पण'."

ती ओळ गेली असती तर नुसत्या चांगल्या इच्छा उरल्या असत्या. त्या कोणी ठरवल्या, कोणाला दिल्या, हे तिथेच तर लिहिलंय. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो. मी हात जोडून म्हणालो, "सरपंचबाई, मोठ्यानं वाचून पास करा. नियम हाय आमचा."

असा नियम नव्हता. तो मी त्या क्षणी केला.

बाई वाचत गेल्या. 'स्वतःप्रत अर्पण' आलं तशा थांबल्या. "स्वतःप्रत म्हंजे?"

"आपलं आपल्यालेच, बाई. राजानं नाई देल्लं, गोऱ्या साहेबानं बी नाई. लोकायची मानसं सभेत बसली, भांडली, लिवलं. अन् लोकायच्याच नावानं लोकायले देल्लं."

"समजलं," मिस्टर म्हणाले. "आता नाव टाका."

दगड आजही उभा आहे, शेवटच्या ओळीसकट. मिस्टरांचं नाव नाही. धंद्यातला धडा एवढाच की, वाळू मारण्याआधी मजकूर वाचून घ्यावा, आणि ज्याची सही त्याच्याकडूनच. बाई त्या वेळी माझ्या कारागिरांसमोर नवऱ्याला जे बोलल्या, तेही खरं म्हणजे कोरायला हवं होतं:

"देनारे बी आमीच, घेनारे बी आमीच. मंग तुमी मधात काऊन घुसून राह्यले जी?"