काळ्या निंबाची बरणी

वीस वर्षं मुरलेलं सासूबाईंचं काळं निंबू मी एका सकाळी संत्र्याच्या झाडाखाली ओतून दिलं. मला बरणी हवी होती.

तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलेलं. मोबाइलवर कुणाची तरी सजवलेली बैठकीची खोली पाहिली आणि जुन्या चिनी मातीच्या बरण्यांचं वेड लागलं. मोहगावहून एक, रामाकोना गावच्या चुलत नणंदेकडून एक, अशा सहा जमवल्या. त्यांत कापसाची बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीच्या काड्या खोचल्या. आम्ही शेतातून उपटून जाळतो ते तू घरात मांडून राहिली, असं नवरा म्हणाला, तर त्यालाच अडाणी ठरवलं. कोपऱ्यात मात्र मोठी बरणी हवी होती, आणि तशी घरात एकच. सौंसरला संत्र्या-निंबांच्या बगीच्यात वाढलेली मी. मिठातलं निंबू जितकं काळं तितकं औषधी, हे काय मला ठाऊक नव्हतं? सडलंय, असं स्वतःला सांगितलं, झालं.

दुसऱ्याच दिवशी शेजारणीचं पोट दुखलं आणि सासूबाईंनी पलंगावरूनच निंबाची फोड मागितली. गुडघ्यांपायी त्यांना कोठीपर्यंत चालवत नव्हतं, एवढंच माझं नशीब. हवा दमट आहे, उघडली तर बुरशी येईल, असं सांगून मी ओवा दिला. मग बैठकीतली रिकामी बरणी उचलून, तोंडाला फडकं बांधून गुपचूप कोठीत परत ठेवली.

तिथून मी अडकले. मी बाहेर पडले आणि कुणाचं पोट दुखलं, तर सासूबाई नवऱ्याला बरणीकडे धाडणार. लग्नं सोडली, बाजार नवऱ्यावर टाकला. त्यांनी नुसती सुपारी मागितली तरी कुणी उठायच्या आत मीच कोठीकडे धावायचे. सौंसरला लेकीला दुसरी मुलगी झाली. बसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं, तरी मी डिंकाचे लाडू दुसऱ्याच्या हाती पाठवले. लेक फोनवर बोलेनाशी झाली.

बारशाच्या सकाळीही मी घरातच दिसले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, लेकीशी भांडून बसली काय? मग मात्र राहवलं नाही. पलंगाशी बसून सगळं सांगून टाकलं. त्यांनी बरणी आणवली, फडकं सोडून आत वास घेतला, आणि म्हणाल्या:

"जाय बारशाले. येतानी पन्नास निंबू आणजो. मुराले वीस वर्स लागते, तुयापायी मले आता तवरोक जगा लागन."