रंग दिसले तर बाद

माझ्या सासूबाईंना कारखान्यात सगळे 'इंद्रधनुष्यबाई' म्हणतात, आणि नेमका इंद्रधनुष्याचाच त्यांनी धसका घेतलाय. मातीत विरघळून जाणाऱ्या प्लास्टिकचे चमचे तिथे बनतात. सासूबाई तपासणीला. खाली दिवा, त्यावर एक काळपट काच, तिच्यावर आडवी धरलेली तशीच दुसरी. दोन्हींमधून उजेड येतच नाही. मध्ये चमचा धरून फिरवायचा. चमचाही काळाच राहिला तर पास. पण साच्यातून घाईने काढून गार केलेला असला, की आत कोंडलेला ताण रंग होऊन दिसतो. मानेपाशी निळे, गुलाबी, पिवळे पट्टे. नवखा माणूस म्हणतो, किती सुंदर! सासूबाई तो बाद करतात. असे चमचे त्यांनी कपाटात पडल्यापडल्या तडकलेले पाहिलेत, कुणी हातसुद्धा न लावता.

घरीही तेच. पर्समध्ये तसल्याच दोन काचा. नातीची पट्टी, डब्याचं झाकण, दिसेल ते फिरवून बघायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण यांनी पाणीसुद्धा फुंकायला घेतलं होतं. मी वैतागून म्हणायचे, "आई, मलाही धरून बघा एकदा."

"तुला कशाला धरायचं? तुझे रंग असेच दिसतात," त्या म्हणायच्या.

मग माझी मुलगी झोक्यावरून पडली आणि तिचं कोपराचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, विरघळणारी पिन घालू, हाड जुळलं की हळूहळू जिरून जाईल, काढायला पुन्हा ऑपरेशन नको. मला हायसं वाटलं. सासूबाईंनी पिन कशाची ते विचारलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ती त्यांच्या चमच्यांचंच भावंड निघाली.

"घालायच्या आधी मला बघू द्या," त्या म्हणाल्या.

डॉक्टर भला माणूस. "आजी, पाकीट फोडलं की ती निर्जंतुक राहत नाही, मग वापरता येत नाही. पुन्हा उकळली तर वाकते. आणि बाहेरून बघाल तर पाकिटाचेच रंग दिसतील."

हे सासूबाईंना ठाऊक होतं. तरी त्या दारातून हलेनात. शेवटी डॉक्टरांनी एक जास्तीचं पाकीट हातात दिलं. "ही बघा. घालायची तीही हिच्याच खेपेची आहे."

त्यांनी पाकीट फोडलं, मी मोबाइलचा दिवा धरला. त्यांच्या एका हातात खालची काच, दुसऱ्यात पिन, म्हणून वरची काचही मीच धरली. पिन फिरवली, पुन्हा फिरवली. टोकापासून टोकापर्यंत काळी.

"चांगली आहे!" मी ओरडलेच.

त्या मटकन बाकावर बसल्या. "चांगली होती गं. ती आपण वाया घालवली. आता जाईल ती न बघितलेली."

"पण खेप तर एकच आहे ना!"

"एकाच खेपेतले बरे-वाईट वेगळे करण्यात माझा जन्म गेला."

तोवर भीती त्यांची होती, मी फक्त सोबत करत होते. आता माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली होती.

मुलीला आत न्यायला आले. तिने आजीचं बोट पकडलं. "आजी, माझी पिन बघितलीस?"

या बाईने साहेबांनी दम दिला तरी न बघितलेला एकही चमचा कधी पास केला नव्हता.

"बघितली ना," त्या हसून म्हणाल्या. "चांगली फिरवून फिरवून बघितली. काळी कुळकुळीत आहे. जा तू."

दार बंद झालं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.