प्रतापगडावरचा टेकू

मनिराममामा माझ्या आईचे चुलत भाऊ. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षे हमाली केली. खांदे आता वाकले आहेत, पण हातांची पकड शाबूत आहे. मिल सुटल्यावर ते एका निराळ्याच कामाला लागले. त्या कामाला काही नाव द्यावे, असे त्यांना वाटत नाही. नागपूरचे डॉक्टर एखाद्या मुलाला ‘ड्युशेन’ आहे असे निदान करतात, त्या घराला मामांचा फोन नंबर देतात, आणि मामा एसटीने त्या घरी जाऊन मुलाला कसे उचलायचे, कसे सांभाळायचे ते दाखवतात.

स्नायू झिजवणारा हा आजार बहुधा मुलग्यांनाच होतो. मूल वेळेवर चालू लागते, धावतेही. मग पडू लागते. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उभे राहते. पोटऱ्या मात्र चांगल्या भरदार दिसतात, त्यामुळे पोरगा पहिलवान होणार म्हणून घरचे खुशीत असतात. औषधाने आजाराचा वेग कमी होतो, आजार थांबत नाही.

मामांना हे सगळे कळले ते बहिणीमुळे. शकुंतलामावशीचा गुलशन याच आजाराने विसाव्या वर्षी गेला. आजार आईकडून मुलाकडे येतो, त्यात आईचा काही दोष नसतो, असे डॉक्टरांनी मावशीला सांगितले होते. तिने त्यातले अर्धेच ऐकले. त्या दिवसापासून तिने मुलाला स्वतः भरवणे बंद केले. “माह्या हातचं नोको त्याले,” एवढेच म्हणायची. गुलशन आईच्या हातचा घास मागत गेला.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या रोशन आणि हर्षाच्या घरी मामा प्रथम गेले, तेव्हा त्यांचा दुर्गेश नऊ वर्षांचा होता. टाचा उचलून, भिंत धरून चालायचा. चालतो आहे तोवर चालू द्या, पण दमवू नका, पडू देऊ नका, एकदा हाड मोडले तर पुन्हा उभा राहणे कठीण, असे डॉक्टरांनी बजावले होते. आजार कुठून येतो तेही सांगितले होते. घरी आल्यावर हर्षाने तालुक्यातल्याच प्रतापगडच्या डोंगरावरल्या महादेवाला नवस केला.

“पोरगा सोताच्या पायानं गड चढन,” पुढच्या एका भेटीत तिने मामांना सांगितले, “मंग देव त्याचे पाय त्याले वापस देन.”

“अन् पडला तं, बाई?”

“पडला तं उठन. तुमी कायले भेऊन रायले जी?”

ओट्यावर धान पाखडणारी रोशनची आई तिथूनच म्हणाली, “मनिरामभाऊ आले का पोट्ट्याले खाटेवर बसवते. चालाचं नाही, धावाचं नाही. बसून बसून कोनाचे पाय मजबूत झाले का? आमची बकरीबी इतकी बसत नाही.”

मामांनी रोशनला अंगणात नेले. “तू नाही म्हण. तुहं ऐकन थे.”

“मी कसा नाही म्हणू, मामा?” रोशन म्हणाला. “मी अडवलं अन् उद्या पाय बंद पडले, तं जनमभर मलेच म्हणन, तुमी नवस होऊ देला नाही.”

मग मीही सोबत येतो, एवढेच मामांनी मागून घेतले.

महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर आम्ही गेलो. गाडी माझी होती. पायथ्याशी दर्ग्याजवळ उतरलो. दुर्गेशने वर पाहिले आणि मामांना म्हणाला, “तुमी म्हातारे झाले. दमले तं माह्या पाठीवर बसा.”

“बसन ना. पन भाडं घेशील का?”

“नाही जी. पारले घेऊन द्या.”

हर्षाने त्याच्या कपाळाला कुंकू लावले आणि त्याचा हात सोडला. पहिल्या पायऱ्या तो गुडघ्यावर हात रोवून चढला. प्रत्येक पायरीवर थांबून आईकडे पाहायचा आणि हसायचा. मग हसणे बंद झाले. पुढे मांड्या थरथरू लागल्या. त्याचा एक गुडघा आत वळला, तशी मामांनी मागून त्याच्या काखेत हात घातले.

“सोडा जी! त्याले सोडा!” हर्षा ओरडली.

“पाय त्याचेच आहेत, बाई. पाहा ना, टेकवून रायला.”

खरेच तो टेकवत होता. त्याचे सगळे वजन मामांच्या हातांवर होते आणि त्याचे तळवे दर पायरीला तेवढे लागत होते. सोडले असते तर तो दगडावर पडला असता. उचलून घेतले असते तर नवस तिथेच संपला असता. मामा तसेच वर गेले. हर्षाने देवापुढे नारळ फोडला, प्रसाद सगळ्यांना वाटला. मामांच्या हातावर ठेवताना तिने वर पाहिले नाही.

धान कापणीला आले, तेव्हा दुर्गेशचे चालणे थांबले. तो पडला नाही, काही मोडले नाही. एका सकाळी पाय उठले नाहीत. हे असेच होणार हे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि मामांना त्याआधीपासून ठाऊक होते. हर्षा मात्र येईल त्याला सांगू लागली, “मनिराममामानं हात लावला, म्हणून नवस खंडला.”

थंडीत मी गावी आलो होतो, तेव्हा मामांना दुर्गेशकडे घेऊन निघालो. वाटेत मी विचारले, “मामा, तुम्ही तिला समजावून का सांगत नाही?”

ते काचेतून बाहेरच्या बांध्यांकडे, धान कापलेल्या शेतांकडे, पाहत म्हणाले,

“काय सांगू? मी नाही तं मंग चूक कोनाची, हे तिले शोधा लागन. शोधत शोधत थे सोतापाशी येन. शकू आली तशी.” आणि मग, “माह्याच हातावर राहू दे.”

दुर्गेश खाटेवर होता. त्याला चाकांच्या खुर्चीत कसे बसवायचे, ते दाखवायला मामा आले होते. ते खाटेजवळ वाकले, तोच दारातून हर्षा म्हणाली, “तुमी हात नोका लावू जी.”

मामा सरळ झाले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“रोशन, तू घे. कंबर नोको वाकवू, गुडघे वाकव. काखेतून धर. छातीले लाव त्याले.”

“बाबा, मी काही पोतं नाही,” दुर्गेश म्हणाला.

“पोतं बरं असते रे,” मामा म्हणाले, “बोलत तं नाही.”

दुर्गेश हसला आणि त्या हसण्यात रोशनची पकड सुटली. मुलगा अर्धवट खाली घसरला. मामांचे हात पाठीमागून पुढे आले आणि मध्येच थांबले. हर्षा त्या हातांकडे पाहत होती. रोशनने कसेबसे मुलाला पुन्हा खाटेवर टेकवले आणि तो धापा टाकत राहिला.

मामांनी हात पुन्हा मागे घेतले.

“काही नाही, काही नाही,” ते म्हणाले. “दम घे. मंग पयलेपासून. गुडघे वाकव.”