भिंतीलगतच्या गडद पेशी

पालघरच्या त्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा घरी सांगितलं होतं की रक्त-लघवी तपासायचं काम आहे. ते अर्धं खरं होतं. सकाळी मी तेच करायची. दुपारी जेवणं झाली की डॉक्टर आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायचे आणि आम्ही त्यांच्या कामाला बसायचो. त्या कामाचं नाव मी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती अंथरुणावर होती, लग्नाचं वय उलटून चाललेली मुलगी पुरुषाच्या वृषणाचे काप काढते, हे तिला कसं सांगायचं?

डॉक्टर पन्नाशीचे. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून इकडे आले होते. का, ते कधी बोलले नाहीत. त्यांना एकच ध्यास लागलेला होता. पुरुषाच्या शरीरात म्हातारपणापर्यंत शुक्रजंतू तयार होत राहतात, रोज, न संपता. म्हणजे आत कुठेतरी अशा पेशी असणार की ज्या पुढे माल पाठवतात आणि स्वतःसारखी एक मागे ठेवतात. त्यांना ते मूळपेशी म्हणायचे. त्या नेमक्या कुठल्या, दिसतात कशा, हे त्यांना ओळखायचं होतं.

वृषणात केसासारख्या बारीक नळ्या असतात. नळीच्या भिंतीला आतून चिकटून काही पेशी बसलेल्या असतात, काही फिकट, काही गडद. गडद पेशीच्या पोटात एक पांढुरका ठिपका असतो. डॉक्टरांचा संशय गडद पेशींवर होता. मी काप काढायची, रंगवायची, ते सूक्ष्मदर्शकातून मोजायचे आणि मी वहीत लिहायची. काप काढताना पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ ते काप उडून जात. मे महिन्यात मानेवरून घाम ओघळायचा आणि तो मेणात बसवलेल्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, पडू नये म्हणून मी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसायची. ज्या द्रावणात तुकडे भिजत त्याने माझी बोटं कायम पिवळी असत. लोकांना वाटे हळद आहे.

चांगल्या तब्येतीच्या माणसाचं वृषण तपासायला मिळत नाही. मिळालं ते डोंगराकडच्या एका म्हाताऱ्याचं. त्याला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग होता आणि तो आवरावा म्हणून शल्यविशारदाने दोन्ही वृषणं काढली होती. डॉक्टर स्वतः त्याच्या खाटेपाशी जाऊन बसले आणि तपासायला ठेवून घेऊ का म्हणून विचारलं.

"काडलं ते काडलं," म्हातारा म्हणाला. "आता त्याचं मी काय करू? तुमाला काय दिसलं तर बघा."

त्या म्हाताऱ्याच्या नळ्यांत सगळं जागच्या जागी होतं. गडद, फिकट, त्यापुढच्या पायऱ्यांवरच्या पेशी, शेपटीवाले शुक्रजंतू. दोन वर्षं आम्ही तेच मोजत होतो. डॉक्टर दर महिन्याला बेरीज करायचे आणि म्हणायचे, "याने काही सिद्ध होत नाही."

मी एकदा विचारलं, "सर, मग सिद्ध कशाने होईल?"

"मूळपेशी रूपावरून ओळखता येत नाही गं. तिचं काम बघावं लागतं. आणि हे तर मेलेले काप. उंदरात सोपं असतं. विष द्यायचं, सगळं मारायचं आणि वाट बघायची. ज्यातून पुन्हा उगवलं ती मूळपेशी. माणसात असं कोण करणार?"

त्यानंतरच्या पावसाळ्यात ते जोडपं आलं. नवरा बोईसरच्या एका कारखान्यात कीटकनाशकाच्या खात्यात होता, आतल्या गावचा, शेती पोटाला पुरत नाही म्हणून इकडे आलेला. बायको किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, मासळी विकणारी, नवऱ्यापेक्षा दोन बोटं उंच. सात वर्षं मूल नाही. सगळे उपचार बायकोवर झाले होते. या वेळी तिनेच नवऱ्याला धरून आणलं होतं.

वीर्य मी तपासलं. एकही शुक्रजंतू नव्हता. डॉक्टरांनी त्याला कामाचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आमच्या खात्यात अजून दोघांना नाय पोरं. आमी हसतो त्याच्यावर. पाणी वाईट म्हणतो."

डॉक्टर हसले नाहीत. शल्यविशारदाकडून वृषणाचा तांदळाएवढा तुकडा काढवून घेतला आणि तो माझ्याकडे आला.

पहिले काप पाहिले तेव्हा मलाही कळलं. नळ्या रिकाम्या होत्या. भिंती होत्या, आधार देणाऱ्या पेशी होत्या, बाकी काही नाही. एखाद्या चाळीतली सगळी बिऱ्हाडं उठून जावीत तसं. डॉक्टर बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "सगळा ब्लॉक काप. एक काप सोडू नकोस."

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. तुकडा संपेपर्यंत कापत गेले. डॉक्टरांनी एकेक नळी पाहिली. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, "इथे बघ." भिंतीला चिकटून एक गडद ठिपका होता, पोटात पांढुरका डाग. म्हाताऱ्याच्या कापात हजारदा पाहिला होता तसाच. शेवटी अशा एकोणीस सापडल्या. त्यातल्या काहींवर डॉक्टरांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. आधाराची पेशी आडवी कापली गेली तर तशी दिसू शकते, म्हणाले.

त्या संध्याकाळी ते आवराआवर न करता तसेच बसून राहिले. म्हणाले, "उंदरांना आपण जे करतो ते या माणसाला कारखान्याने केलंय. आणि मला त्यात उत्सुकता वाटतेय. लाज वाटते गं."

अहवालात त्यांनी एकच लिहिलं, शुक्रजंतूंची निर्मिती आढळत नाही. एकोणीस पेशींचा उल्लेख केला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मला ठाऊक नसलेली गोष्ट मी कागदावर कशी लिहू?" नवऱ्याला मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं की त्या खात्यातलं काम सोड, आजच सोड.

नवरा आत बोलत होता तेव्हा बायको बाहेर ओट्यावर पाटी घेऊन बसली होती. मी काचा धुवायला बाहेर आले. तिने माझ्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं.

"बाय, कापतेस तू ना? तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"डाक्तर काय नीट बोलत नाय. आत बियाणं हाय का नाय, तेवढं सांग."

मला गप्प राहता आलं असतं. डॉक्टरांना विचारा म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "आहे. थोडं आहे."

तिने मान हलवली, पाटी डोक्यावर घेतली आणि नवरा बाहेर येईपर्यंत तशीच उभी राहिली.

डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. ते एवढंच म्हणाले, "तू चूक सांगितलंस असंही मला म्हणता येत नाही. हेच वाईट आहे."

नवऱ्याने कारखाना सोडला. गावी परत जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून सासुरवाडीला मुरब्यात राहिला आणि सातपाटीला बर्फाच्या कारखान्यात लागला. बायकोच्या गावात राहणाऱ्या, मूल नसलेल्या पुरुषाला काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. त्याच्या आईने दुसरी मुलगी बघितली होती. त्याने नकार दिला. "खोट माझ्यात, दुसरी आणून काय करू," असं तो मला सहज, हवापाण्यावर बोलावं तसं बोलला.

दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली की ते दोघं यायचे. मी वीर्य तपासायची. बायको दारातच उभी राहून विचारायची, "काय?" आणि मी म्हणायची, "अजून नाही." पहिल्या वर्षी 'अजून' हा शब्द म्हणताना मला बरं वाटलं. तिसऱ्या वर्षी तो तोंडातून निघेना. त्या दिवसांत आई गेली. डॉक्टरांच्या डोळ्यांत रक्तस्राव होऊ लागला आणि मोजणी बंद पडली. दुपारी मी रिकाम्या खोलीत बसून कापांची खोकी पुसायची.

पाचव्या वर्षी काचेवर काहीतरी हललं. मी भिंग बदललं. काच घाण असेल, दुसऱ्याचा नमुना असेल, असं वाटून आठवड्याने त्याला परत बोलावलं. पुन्हा तेच. फार थोडे होते, मंद, काही जागच्या जागी थरथरणारे, पण होते.

मी बाहेर येऊन सांगितलं. नवरा बाकावर बसला.

"आता?" तो म्हणाला. "पाच वर्सं मी मनाला समजावतोय. कसंबसं समजलं. आता परत आशा लावू नका मला."

तो उठून गेला आणि पुन्हा कधी तपासणीला आला नाही.

मी डॉक्टरांच्या घरी गेले. ते खुर्चीत बसले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं, आवाजावरून मला ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि किती हलत होते ते दोनदा विचारलं.

"म्हणजे होत्या," ते म्हणाले. "आत मूळपेशी होत्या, एवढं नक्की. नसत्या तर उगवलं नसतं."

"त्या एकोणीस, सर?"

"त्या असतील. नाहीतर आपण न मोजलेल्या, फिकट, दुसऱ्याच कुठल्या. तो तांदळाएवढा तुकडा आपण कापून संपवला. उगवलं ते उरलेल्यातून. कुठल्या, ते नाहीच कळलं."

मी चहा करून दिला. त्यांनी मोजणीची वही परत मागितली नाही, मीही विषय काढला नाही. ती अजून माझ्याकडे आहे.

त्या दोघांना मूल झालं नाही. हे मला नव्वद सालानंतर कळलं, बोईसरच्या बाजारात. ती मासळी घेऊन बसली होती, केस पांढरे झालेले. तिने मला आधी ओळखलं. नवरा बरा होता, बर्फाचं काम सुटलं होतं, जाळी शिवायचा. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं की नाही झालं.

मग ती म्हणाली, "तू हाय म्हणालीस ना बाय, म्हणून आमी पाच वर्सं वाट बघितली. नाय म्हणाली असतीस तर तवाच रडून मोकली झाली असती मी."

रागाने म्हणाली नाही. हातातला बोंबील साफ करता करताच म्हणाली. मी म्हणाले, "खरं होतं गं ते."

"खरं व्हतं," ती म्हणाली. "ठाव हाय मला."

तिने आपल्या बाजूचं गोणपाट थोडं सरकवलं. दुपार झाली होती, गिऱ्हाईक नव्हतं, आणि माझे पाय दुखत होते. मी तिच्याशेजारी बसले.