खंडेनवमीची सायकल

झेंडू आणि ऑईलचा वास एकत्र आला की मला कुरकुंभच्या कंपनीतलं पॅकिंग खातं आठवतं. गेटबाहेर कुणीतरी माझ्या सायकलची हवा सोडायचं, म्हणून मी ती आत नेऊन खोक्यांमागं ठेवायचे. वॉचमनमामा काणाडोळा करायचे. खंडेनवमीला मॅनेजरसाहेब मशिनींना हार घालत आले आणि नेमके सायकलपुढं थांबले. मला वाटलं, गेली नोकरी. "हे कुठलं मशिन?" त्यांनी विचारलं. शेजारची मावशी म्हणाली, "सायेब, सगळ्यात आधी हेच चालू व्हतं. हे बंद पडलं तर ही पोरगी कामावर येत न्हाई." साहेब हसले आणि हातातला हार त्यांनी हँडलला घातला. दसऱ्यानंतर कामावर गेले, तर खोक्यांमागं आणखी दोघींच्या सायकली उभ्या. आता दारात स्कूटी आहे, पण खंडेनवमीचा पहिला हार मी अजून सायकललाच घालते.