गप्प बसलेला कंपायलर

ऑफिसात माझ्या शेजारी बसतो त्याचा पाय कधी थांबत नाही. टेबल हलतं, माझा चहा सांडतो.

दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी तो प्रोग्राम लिहीत होता. त्यातल्या एका भागाला तापमानाची नोंद फक्त वाचायला दिली होती, आणि नेमकी तिथेच ती बदलायची होती. प्रोग्राम चालण्याआधीच तपासून चुकांवर ओरडणारा कंपायलर अडून बसला.

"अरे, मीच ठेवलेलं मलाच बदलू देत नाहीस?" याचं स्क्रीनशी भांडण.

"नोंदीची कॉपी काढ ना," मी म्हटलं.

"छे! मग खरी कुठली समजायची?"

शेवटी त्याने नोंद अशा वेष्टनात घातली, की फक्त वाचायला दिली तरी आतून बदलता यावी. कंपायलर गप्प झाला. पण आता काही चुकलं, तर आधी कळणार नाही; प्रोग्राम चालता चालता बंद पडणार आणि माल खराब होणार.

प्रोग्राम सुरू झाला त्या दिवशी याची खुर्ची रिकामी. मी फोन केला.

"स्टोरेजमध्ये बसलोय, स्वेटर घालून."

"तिथे तुझं काय काम?"

"ओरडणाऱ्याचं तोंड मीच बंद केलं ना? आता ओरडायला कुणीतरी नको का?"

फोनमध्ये त्याच्याखालची पत्र्याची खुर्ची खडखडताना ऐकू येत होती. इकडे टेबल अगदी स्थिर होतं, आणि मला काही काम सुचेना.