किरकोळीतले आभार

गणपतीच्या शेवटच्या कार्यक्रमात मी एका वाक्यात आभारप्रदर्शन उरकलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या अख्ख्या सोसायटीचं पाणी बंद झालं.

चूक माझीच, पण तिच्यामागे आमच्या चेअरमनसाहेबांनी वर्षानुवर्षं केलेला छळ होता. इतके आभार मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून ते शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झाले आणि शिफ्ट सुटताना एकेकाला गाठून आभार मानायची तिथली सवय त्यांनी पेन्शनबरोबर घरी आणली. मी सोसायटीचा सेक्रेटरी. त्यांना स्कूटरवर कुठे न्यायचं म्हणजे जिन्यापासून फाटकापर्यंतच निम्मी सकाळ जायची. झाडूवालीचे आभार, इस्त्रीवाल्याचे आभार, वॉचमन खुर्चीत घोरत असला तर त्याला हलवून उठवून, "तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त झोपतो!" भारनियमनाच्या दिवसांत ऐन जेवणाच्या वेळी दिवे गेले की सगळी सोसायटी गॅलरीत येऊन वीज मंडळाचा उद्धार करायची, आणि अंधारातून यांचा आवाज यायचा, "अहो, सकाळपासून होती ना? तेव्हा कोणी काही बोललं का?" या अंधारात चप्पल फेकली तर कोणाची ते कळणार नाही, असा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला.

आमची सोसायटी तेव्हा गावाच्या टोकाला, चारी बाजूंनी मळे. महापालिकेची पाइपलाइन येणार होती. ती बरीच वर्षं येणारच होती. तोवर शेजारच्या फुलमळ्यातल्या मावशी स्वतःच्या विहिरीचं पाणी आमच्या टाकीत सोडायच्या. ना कागद, ना करार. चेअरमन मात्र प्रत्येक समारंभात माइकवरून सांगायचे, "भर उन्हाळ्यात स्वतःची फुलझाडं तहानलेली ठेवून मावशींनी आधी आपली टाकी भरली!" मग मांडववाला, दिवेवाला, सतरंजी अंथरणारे, सतरंजी झटकणारे. कार्यक्रमापेक्षा आभार लांबायचे आणि बटाटेवडे गार व्हायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "आभार ठोक भावात मानायचे नसतात हो. किरकोळीतच मानायचे."

त्या वर्षी त्यांचा घसा बसला. त्यांनी खुणेनंच माइक माझ्या हाती दिला. मी म्हणालो, "ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्या सर्वांचे आभार. वडे गरम आहेत." काय टाळ्या पडल्या! आयुष्यात माझ्या वक्तृत्वाला मिळालेल्या तेवढ्याच.

सकाळी नळ कोरडे. बायकोनं रिकामी बादली माझ्यासमोर आपटली. मी मळ्याकडे पळालो. मागून गळ्याला मफलर गुंडाळून चेअरमन. पोचताच मी सुरू केलं, "मावशी, आपण आमच्या जीवनदात्या, आपलं औदार्य म्हणजे..."

मावशी झेंडू खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काल नव्या सुनेला घिऊन आले व्हते. म्हणलं, चल, तिथं आपलं नाव घेत्यात, ऐक. ती विचारती, कधी घेतलं वो आत्याबाई?"

चेअरमननी मला बाजूला सारलं. आवाज तर नव्हताच. ते शेजारच्या वाफ्यात फुलं खुडणाऱ्या त्या सुनेसमोर उभे राहिले आणि हातवारे करून सगळं सांगायला लागले. विहिरीकडे बोट, मग मावशींकडे, मग आमच्या टाकीकडे. उन्हाळा दाखवायला कपाळाचा घाम पुसला आणि तहानलेली झाडं दाखवायला तो सत्तरीचा माणूस मान टाकून, हात लोंबकळत ठेवून झेंडूच्या वाफ्यात उभा राहिला. सून पदरात तोंड घालून हसायला लागली. मग मावशीही. "बास भाऊ, बास! घशाला काढा घ्या काहीतरी," म्हणत त्या उठल्या आणि मोटर सुरू केली.

पुढे खरोखरच पाइपलाइन आली. साहेब गेले. शोकसभेत आभार मानायची पद्धत नसते. सगळे गुपचूप उठून घरी गेले. ते मला फार लागलं. त्यांना तर मुळीच खपलं नसतं.

आता चेअरमन मी आहे. मागच्या दसऱ्याला मुद्दाम मळ्यात गेलो आणि त्या सगळ्या जुन्या पाण्याबद्दल मावशींचे आभार मानले; सावकाश, नाव घेऊन, सुनेसमोर. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, फुलांची पाटी खाली ठेवली आणि विचारलं,

"पाइपलाइन फुटली का काय तुमची?"